नवी वेगवान चेअरलिफ्ट आली की रांग कमी होते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दर हिवाळ्यात तुम्ही ज्या स्की रिसॉर्टला जाता, तिथली दोन आसनांची जुनी चेअरलिफ्ट (फिरत्या दोराला टांगलेल्या खुर्च्यांतून माणसं वर नेणारी यंत्रणा) काढून चार आसनांची वेगवान लिफ्ट बसवणार आहेत, आणि वरच्या धारेवर आणखी एक नवी लिफ्ट उभारायचं घाटतंय. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात. रांग खरंच कमी होईल का? जुनी लिफ्ट अजून धड चालतेय तर ती काढायची कशाला? आणि तुमच्या सात वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसायची भीती वाटते, त्याला नवी लिफ्ट सोपी जाईल का?

मी बावीस वर्षं याच कामात आहे. आधी आराखडे काढायचे, मग जागेवरची उभारणी, आणि आता मुख्यतः चालू लिफ्टची वार्षिक तपासणी. तुमचा डोंगर मी पाहिलेला नाही. वारा किती, उतार किती रुंद, येणाऱ्यांमध्ये नवशिके किती, यावर जे अवलंबून आहे ते तसंच सांगेन. पण पहिल्या प्रश्नाचं गणित कुठल्याही डोंगरावर तेच असतं आणि नेमकी तिथेच गल्लत होते. दोर वेगात धावला की जास्त माणसं वर जातात असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही.

तासाला किती माणसं वर जातील हे दोनच गोष्टी ठरवतात: एका खुर्चीत किती जण बसतात, आणि एका खुर्चीनंतर दुसरी किती सेकंदांनी येते. दर ६ सेकंदांनी चार जणांची खुर्ची येत असेल तर तासाला ६०० खुर्च्या, म्हणजे २,४०० माणसं. दोर सेकंदाला २.३ मीटर सरकत असो की ५ मीटर, आकडा तोच. बदलतं ते खुर्च्यांमधलं अंतर. हळू दोरावर साधारण १४ मीटरला एक खुर्ची लागते, वेगवान दोरावर ३० मीटरला. वेगवान लिफ्टच्या खुर्च्या लांबून विरळ दिसतात त्या यामुळेच. आणि ते ६ सेकंद काही यंत्र ठरवत नाही, माणसं ठरवतात. आधीची खुर्ची गेली की चौघांनी पुढे सरकायचं, खुणेवर उभं राहायचं, मागे वळून बघायचं आणि बसायचं. याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

हे तुमच्या लिफ्टला लावून बघू. आकडे मी धरून चाललेय, तुमच्याकडचे थोडे वेगळे असतील. लिफ्टची लांबी १,५०० मीटर. जुनी लिफ्ट दोन आसनांची, दर ६ सेकंदांनी खुर्ची, म्हणजे तासाला १,२००, मिनिटाला २० माणसं. वर पोचायला ११ मिनिटं, स्की करत खाली यायला ५. गर्दीच्या दिवशी या एका लिफ्टवर ६०० जण फेऱ्या मारताहेत असं धरा. मिनिटाला २० जणच वर जाणार, तर प्रत्येकाची पाळी पुन्हा ३० मिनिटांनी येणार. त्यातली ११ मिनिटं खुर्चीत, ५ उतारावर, राहिलेली १४ रांगेत.

आता चार आसनांची वेगवान लिफ्ट. मिनिटाला ४० माणसं, म्हणजे ६०० जणांची फेरी १५ मिनिटांत. वर जायला साडेपाच मिनिटं, खाली यायला ५, उरली साडेचार मिनिटं रांगेत. चौदाची साडेचार झाली, चांगलंच झालं. पण तिसरा पर्यायही मांडून बघा: चार आसनांचीच, पण जुनीसारखी हळू. वर जायला ११, खाली यायला ५, झाली १६ मिनिटं. लिफ्ट तर सगळ्यांना १५ मिनिटांत फिरवू शकते. म्हणजे रांग उरतच नाही. गर्दी तीच, क्षमता तीच, आणि हळू लिफ्टवर रांग शून्य, तर वेगवान लिफ्टवर साडेचार मिनिटं.

पहिल्यांदा ऐकताना हे कुणालाच पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. मी कागदावर तीनदा मांडून पाहिलं होतं. मग लक्षात आलं की ६०० माणसं कुठे ना कुठे असणारच: खुर्चीत, उतारावर, नाहीतर रांगेत. हळू चौआसनी लिफ्टच्या दोरावर एका वेळी चारशेच्या वर माणसं बसलेली असतात. वेगवान लिफ्टच्या दोरावर फक्त २२०. बाकीची १८० खाली उभी राहतात. हळू लिफ्ट ही एका अर्थी बसून काढायची रांगच आहे. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला, आणि बँकेच्या खिडकीपासून कारखान्यापर्यंत सगळीकडे तो असाच लागू पडतो.

म्हणजे तुमच्याकडे रांग कमी होईल, पण ती आसनं दोनाची चार झाल्यामुळे. वेगामुळे नाही. व्यवस्थापनाने "वेगवान, म्हणून रांग कमी" असं सांगितलं असेल तर त्यांना विचारा, नव्या लिफ्टवर किती सेकंदांनी एक खुर्ची येणार. कधीकधी नवी लिफ्ट चार आसनांची असते, पण सुरुवातीला खर्च वाचवायला खुर्च्या कमी घेतात आणि ६ ऐवजी ८ सेकंदांनी एक सोडतात. मग तासाला २,४०० नाही, १,८००च. खुर्च्या नंतर वाढवता येतात, पण मोटर, दोर आणि खांब पहिल्यापासून पूर्ण भाराच्या हिशोबाने घेतलेले असतील तरच.

त्याच हिशोबात आणखी एक आकडा आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. जुन्या लिफ्टवर मिनिटाला २० जण वर पोचायचे आणि ५ मिनिटांत खाली यायचे, म्हणजे उतारावर एका वेळी १०० माणसं. नव्या लिफ्टने ती २०० होतात. उताराची रुंदी तेवढीच, बर्फ तेवढाच, माणसं दुप्पट. वरचा बर्फ दुपारपर्यंत खरवडला जाऊन कडक होतो, अरुंद वळणावर नवशिके आणि सराईत एकमेकांच्या मध्ये येतात, टकरी होतात. तुम्ही रांगेबद्दल विचारलंत, पण तुमच्या जागी मी आधी उताराबद्दल विचारलं असतं. लिफ्टची क्षमता ठरवताना उतारापासून वर मोजत यायला हवं: या उतारावर सुखाने किती माणसं मावतात, ती किती मिनिटांत खाली येतात, तर मिनिटाला किती वर न्यायची. बहुतेक ठिकाणी उलट्या बाजूने सुरुवात होते. आधी लिफ्ट पसंत करतात, मग उतार रुंद करायला झाडं तोडावी लागतात.

अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे १९४८ पासून एका आसनाची चेअरलिफ्ट आहे. ते रिसॉर्ट स्की करणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. ती लिफ्ट जुनी झाली तेव्हा दोन आसनांची बसवायचा पर्याय समोर होता. सभासदांनी तो घेतला नाही आणि २००७ मध्ये एकेरी लिफ्टचंच नूतनीकरण करून घेतलं. रांग चालेल, उतारावर गर्दी नको, हा त्यांचा हिशोब होता. तुमच्याकडेही तसंच करा असं मी म्हणत नाही. क्षमता कमी ठेवणं हाही विचारपूर्वक घेतलेला तांत्रिक निर्णय असू शकतो, एवढं मात्र लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवाची. नव्या लिफ्टवर ६०० जण राहत नाहीत. आजूबाजूच्या लिफ्टवरची माणसं तिकडे वळतात. तीच ९०० झाली तर फेरी साडेबावीस मिनिटांची होते आणि रांग पुन्हा १२ मिनिटांवर जाते. पहिल्या हंगामात हे हमखास होतं. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात गर्दी आपली आपण विभागते. पहिल्या महिन्यातली रांग बघून लिफ्ट फसली असं ठरवू नका.

एवढं असूनही मी बहुतेक लांब मार्गांवर वेगवान लिफ्टच सुचवते. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीत चालू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांना ती सुचली जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून: घड अडकवायच्या हुकाच्या जागी खुर्ची लावली, की घडाच्या जागी माणूस. अडचण एकच होती. उभ्या माणसाला मागून येणाऱ्या खुर्चीने किती वेगाने उचललं तर तो पडणार नाही? रेल्वेचं मुख्यालय असलेल्या ओमाहा शहरात बर्फ नव्हता, म्हणून एका ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली आणि चाकांचे स्केट घातलेल्या माणसांना उचलून पाहिलं. माणसाचे गुडघे तेव्हा जेवढे सोसायचे तेवढेच आजही सोसतात. त्यामुळे दोराला कायमची आवळलेली, म्हणजे पक्की ग्रिप (खुर्ची दोराला धरून ठेवणारी पकड) असलेल्या लिफ्टचा वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास अडकून बसला.

ती गाठ सुटली सुटणाऱ्या ग्रिपमुळे. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजला डॉपेलमायर कंपनीने चार आसनांची पहिली वेगवान लिफ्ट बसवली. खुर्ची स्टेशनात शिरली की रुळावर ग्रिपचा दांडा दाबला जातो, जबडा उघडतो आणि खुर्ची दोरापासून सुटते. वर ओळीने लावलेले छोटे टायर तिला हळू करतात, आणि ती सेकंदाला साधारण एका मीटरच्या वेगाने तुमच्यासमोरून जाते. तुम्ही बसलात की पुढचे टायर तिला पुन्हा दोराच्या वेगावर आणतात, जबडा मिटतो आणि खुर्ची बाहेर पडते. प्रत्येक खुर्ची बाहेर पडण्यापूर्वी ग्रिपने दोर पुरेसा घट्ट धरलाय की नाही हे यंत्र तपासतं, शंका आली तर लिफ्ट थांबवतं. बसण्याचा वेग आणि दोराचा वेग असे वेगळे झाले, हाच या लिफ्टचा खरा लाभ.

त्यातून दोन गोष्टी होतात. एक, लिफ्ट कमी वेळा थांबते. कागदावर तासाला २,४०० लिहिलेलं असतं, पण हळू चौआसनी लिफ्टवर चार नवशिके एका वेळी नीट बसतीलच असं नाही. एक पडला की ऑपरेटर बटण दाबतो आणि दोरावरची चारशे माणसं हवेत थांबतात. तासात दहा वेळा अर्धा-अर्धा मिनिट थांबली तर ५ मिनिटं गेली, म्हणजे दोनशे माणसं कमी. मी मघाशी हळू लिफ्टची रांग शून्य दाखवली, ती सगळे सराईत असतील तर. नवशिक्यांच्या उतारावर तो आकडा टिकत नाही. मधला मार्ग म्हणजे बसण्याच्या जागी सरकता पट्टा. त्यावर उभं राहिलं की तुम्हीही खुर्चीच्या दिशेनेच सरकत असता, त्यामुळे खुर्ची हळू येऊन टेकते. लहान लिफ्टवर मी आधी हाच उपाय सुचवते, कारण खर्चाच्या मानाने गुण मोठा येतो. दुसरी गोष्ट थंडीची. वाऱ्यात अकरा मिनिटं लटकून बसणं आणि साडेपाच मिनिटं बसणं यातला फरक मला सांगायला नको. लहान मुलांची बोटं आधी बधिर होतात. ८०० मीटरच्या लिफ्टवर मी वेगाला महत्त्व देणार नाही, १,५००च्या पुढे देईन.

विजेचा खर्च वेगाबरोबर दुप्पट होईल असंही काही जण समजतात. तसं नाही. तासाला २,४०० माणसं ४०० मीटर उंच न्यायची, प्रत्येकी ८० किलो धरलं, तर फक्त वजन उचलायला सुमारे २१० किलोवॅट लागतात. दोर हळू असो की वेगवान, तासाला चढणारं वजन तेच. वेगामुळे घर्षण आणि स्टेशनातली यंत्रणा यांची थोडी भर पडते. खरी वाढ माणसं दुप्पट झाल्यामुळे होते, आणि त्यासाठी विजेची नवी जोडणी लागली तर तीच कधीकधी लिफ्टपेक्षा जास्त वेळ खाते.

आता दुसरा प्रश्न. जुनी लिफ्ट धड चालतेय तर काढायची कशाला?

चेअरलिफ्टचं वय एक आकडा नसतो. प्रत्येक भागाचं वेगळं असतं. खांब आणि पाया नीट राखले तर अनेक दशकं टिकतात. दोर बदलायचाच असतो. त्याच्या आतल्या तुटलेल्या तारा बाहेरून दिसत नाहीत, म्हणून चुंबकीय यंत्रातून तो सबंध तपासतात. पक्क्या ग्रिप ठरावीक काळाने दोरावर थोड्या पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर एकाच जागी दोर वाकून वाकून थकतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते वेळेवर झालंय का हे मी नोंदवहीत आधी बघते. पुलीच्या रबरी कडा झिजतात, त्या बदलल्या की झालं. तपासणीच्या दिवशी मी सकाळी लवकर, माणसं यायच्या आधी, एकेका खांबाखाली पाच मिनिटं नुसती उभी राहते. ग्रिप पुलींवरून जाताना एकसारखा खडखडाट येतो. त्यात एक ठोका वेगळा पडला, तर तिथली पुली किंवा तिचा बेअरिंग बघायचा. दर खुर्चीला तोच ठोका पडला तर दोष खांबावर, एकाच खुर्चीला पडला तर दोष त्या ग्रिपमध्ये. बरीच दुखणी मला कानांनीच सापडली आहेत.

लिफ्टचा शेवट मात्र मी सहसा लोखंडामुळे झालेला पाहिला नाही. तो होतो विजेच्या नियंत्रणामुळे. तीसेक वर्षं वयाच्या एका लिफ्टवर मी काम करत होते. खांब उत्तम, दोर नवा, गिअरबॉक्स ठणठणीत. ऐन गर्दीच्या आठवड्यात नियंत्रण कपाटातलं एक कार्ड गेलं. बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली. दुसऱ्या डोंगरावर मोडीत काढलेल्या तशाच एका लिफ्टचं कार्ड मिळवेपर्यंत तीन दिवस लिफ्ट उभी होती. दर वर्षी आम्ही त्या कपाटाबद्दल अहवालात लिहीत होतो. म्हणून "धड चालतेय" याला मी दुसरा प्रश्न जोडते: उद्या बंद पडली तर सुटा भाग कुठून आणि किती दिवसांत येईल?

त्याचं उत्तर समाधानकारक असेल, तर सबंध लिफ्ट न काढता फक्त मोटर, नियंत्रण आणि ब्रेक नवे बसवता येतात. खर्च बराच कमी होतो. पण क्षमता वाढवायची असेल तर हा मार्ग बंद आहे. दोन आसनांच्या खुर्चीऐवजी चार आसनांची लटकवायची म्हणजे दोर जाड, ताण जास्त, पुली जास्त, आणि त्या सगळ्याचा भार जुन्या खांबांवर आणि जुन्या पायांवर. ते त्यासाठी बांधलेलेच नसतात. शिवाय बऱ्याच देशांत जुन्या लिफ्टला जुन्या नियमांखाली चालायची मुभा असते, पण मोठा बदल केला की आजचे नियम लागू होतात. अमेरिकेत एएनएसआय बी७७.१, कॅनडात सीएसए झेड९८, युरोपीय संघात २०१६/४२४ हे नियमन. त्या नियमांना उतरवायचा खर्च धरला की अर्धी दुरुस्ती कधीकधी नव्या लिफ्टच्या जवळ जाते.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण जुनी लिफ्ट ठेवायची की काढायची हे ठरवताना मी सगळ्यात कडक इथेच असते. चेअरलिफ्टवर वर जाणारी बाजू भरलेली आणि खाली येणारी रिकामी असते. मोटरचा जोर गेला आणि ब्रेकने धरलं नाही तर ते वजन लिफ्टला उलटी फिरवतं, आणि ती क्षणाक्षणाला वेग घेते. मार्च २०१८ मध्ये जॉर्जिया देशातल्या गुदाउरी या स्की रिसॉर्टला असंच झालं. खुर्च्या उलट्या धावत खालच्या चाकाशी एकमेकींवर आदळल्या, माणसं उड्या टाकत होती. ते दृश्य मी पाहिलं तेव्हापासून तपासणीत माझा हात जास्तच जड झाला आहे. म्हणून एक ब्रेक मोटरच्या बाजूला असून भागत नाही. मध्ये गिअरबॉक्स असतो, तो किंवा त्याचा दांडा तुटला तर तो ब्रेक निरुपयोगी ठरतो. दुसरा ब्रेक थेट दोराच्या मोठ्या चाकाला धरणारा हवा, आणि चाक उलटं फिरू लागताच आपोआप अडवणारी सोय हवी. तुमच्या जुन्या लिफ्टला हे तिन्ही आहेत का, आणि शेवटची चाचणी भरलेल्या दोरावर झाली की रिकाम्या, हे नक्की विचारा.

कुणी असंही सुचवेल की जुनी लिफ्ट उचलून वरच्या धारेवर नेऊन बसवा. मी असे प्रकल्प केलेत आणि त्यातले काही चांगले चालले. पण लिफ्ट ही कपाटासारखी उचलून नेता येत नाही. खांबांची उंची आणि पुलींची संख्या त्या जुन्या उताराच्या चढउतारासाठी असते. नव्या जागी दोराची रेषा वेगळी, त्यामुळे निम्मे खांब नवे, पाया सगळा नवा, दोर नवा. वाचतात त्या खुर्च्या, मोठी चाकं आणि कदाचित गिअरबॉक्स. मूळ आराखडे आणि देखभालीच्या नोंदी हाती नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

धारेवरच्या लिफ्टचा निकाल मात्र वारा लावेल. तिथे वेग आणि आसनं दुय्यम आहेत. रिकामी खुर्ची वाऱ्यात हेलकावे खाते, आणि पारदर्शक झाकणाची खुर्ची आणखी जास्त, कारण झाकण शिडासारखं वारा पकडतं. उघड्या धारेवर मी साधी, पक्क्या ग्रिपची लिफ्ट पसंत करते. सुटणाऱ्या ग्रिपच्या बाजूने एक मुद्दा आहे: रात्री खुर्च्या आत शेडमध्ये ठेवता येतात, त्यामुळे सकाळी बर्फ फोडत बसावं लागत नाही. कुठला मुद्दा जड ते जागेवर ठरेल. निदान दोन हिवाळे तिथे वाऱ्याचा मापक लावून नोंदी घेतल्याशिवाय मी त्या कागदावर सही करणार नाही. वर्षातले तीस दिवस बंद राहणारी लिफ्ट बाकीच्या दिवसांत कितीही चांगली चालली तरी तिच्या भरवशावर आखलेली गर्दी त्या तीस दिवशी खालच्या उतारावर येते.

उभारणीला किती वेळ लागतो हेही ओघाने आलंच. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतचे काही महिने हातात असतात. कारखान्यातली मागणी त्याच्या आधी, बहुधा आदल्या वर्षीच नोंदवावी लागते. पाया खणून काँक्रीट भरायचं, ते पक्कं होऊ द्यायचं. खांब बरेचदा हेलिकॉप्टरने बसवतात. ते काम एका दिवसात उरकतं, पण त्या एका दिवसाच्या निरभ्र हवेसाठी आठवडाभर थांबावं लागतं. मग आधी हलकी दोरी, तिच्या मागून जाड, तिच्या मागून मुख्य दोर ओढतात. त्यानंतर येतो मला सगळ्यात आवडणारा दिवस: दोराची दोन टोकं जोडण्याचा. दोराला सहा पेड असतात. दोन्हीकडचे पेड उलगडून एकमेकांच्या जागी गुंफत नेतात, आणि प्रत्येक पेडाचं टोक दोराच्या पोटात, मधला गाभा काढून त्या जागी दडवतात. जोडाची लांबी दोराच्या जाडीच्या निदान १,२०० पट, म्हणजे ४० मिलिमीटरच्या दोराला ४८ मीटर. गाठ नाही, वेल्डिंग नाही, चिकटवणं नाही. नुसत्या पिळाच्या आणि घर्षणाच्या जोरावर तो जोड टिकतो. चांगल्या कारागिराचा जोड हात फिरवला तरी कुठे सुरू होतो ते कळत नाही. पहिल्या वर्षात नवा दोर ताणून लांबतो, तेव्हा तो थोडा कापून पुन्हा जोडावा लागतो. पुढच्या वर्षी काही दिवस लिफ्ट बंद दिसली तर घाबरू नका, हे अपेक्षित काम आहे. सुरू होण्याआधी खुर्च्यांवर पाण्याची पिंपं किंवा पिशव्या ठेवून भरलेल्या लिफ्टची चाचणी होते: थांबवायची, उलटी जाते का बघायचं, प्रत्येक ब्रेक एकेकटा लावून बघायचा. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून या चाचणीचे दिवस कापले जात असतील, तर कुणीतरी त्याला उघड विरोध करायला हवा.

राहिला तुमच्या मुलाचा प्रश्न. हो, त्याला नवी लिफ्ट सोपी जाईल. पक्क्या ग्रिपची खुर्ची सेकंदाला दोन-सव्वादोन मीटरने येते आणि त्याच्या उंचीला ती मांडीऐवजी पाठीत बसते, भीती त्या धक्क्याची असते. नव्या लिफ्टवर ती चालण्याच्या वेगाने येईल. पण वेग कमी झाला तरी आसनाची उंची मोठ्यांच्या मापाची असते. काही नव्या लिफ्टवर मुलांसाठी वर उचलला जाणारा फलाट असतो, तुमच्याकडे तो घेतलाय का हे आत्ताच विचारा, नंतर बसवणं महाग पडतं. त्याला ऑपरेटरच्या बाजूच्या कडेच्या आसनावर बसवा, तुम्ही लगेच शेजारी. काठ्या एका हातात, पाठीवरची पिशवी काढून पुढे. बसल्याबसल्या खुर्चीची सुरक्षेची सळई खाली घ्या, आणि त्याची पाठ मागे टेकलेली आहे ना ते बघा. मुलं पडतात ती बहुतेक वेळा पुढे कडेवर बसून राहिल्यामुळे, आणि तेही पहिल्या काही मीटरांत. त्याची बैठक नीट झाली नाही तर त्याला ओढून धरत वर नेऊ नका, तिथल्या तिथे मोठ्याने ओरडा, लिफ्ट थांबेल. आणि रांगेत असतानाच ऑपरेटरला हात करून मुलाकडे बोट दाखवा. वेग कमी करायचं बटण त्याच्या हाताशी असतं, आणि लहान मुलासाठी ते दाबायला त्याची कधीच ना नसते.